१४४ मिली

एप्रिल २०२०. सगळा देश घरात बसलेला आणि मी बाथरूममध्ये, उकिडवी. पाऊण तास झाला होता, नवरा दोनदा दार वाजवून "अगं बरी आहेस ना?" विचारून गेला होता आणि मी आतून "हो हो, आलेच" म्हणत घामाने डबडबलेली, कारण पाळीचा कप, म्हणजे पाळीचं रक्त जमायला आत घालतात ती मऊ वाटी, आत होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. त्याची खालची शेपटी बोटाला लागायची, ओढली की निसटायची, परत वर. डोक्यात काय काय चाललेलं! लॉकडाऊनमध्ये दवाखान्यात कसं जायचं, नाक्यावर पोलिसाने अडवून कुठे चाललात विचारलं तर काय सांगायचं, आणि डॉक्टर भेटलेच तर त्यांना नेमकं कुठल्या शब्दात सांगायचं की मी चारशे रुपये देऊन स्वतःहून हे करून घेतलंय.

शेवटी डाव्या हाताने फोनवर व्हिडिओ शोधला. त्यातली मुलगी म्हणत होती की पहिलं म्हणजे ओढणं बंद करा, उठा, पाणी प्या, पंधरा मिनिटं फिरून या. मी उठले. पाणी प्यायले. नवऱ्याला म्हटलं काही विचारू नकोस. पंधरा मिनिटांनी परत गेले, ती म्हणाली तसा खाली जोर लावला (शी करताना लावतो तसाच, यात लाजायचं काय), कप आपोआप खाली सरकला, त्याचा बुडखा दोन बोटांत दाबला, आतली हवा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि आला की बाहेर! अर्थात हात थरथरत होते त्यामुळे निम्मं फरशीवर सांडलं. पण मला इतकं हसू आलं ना, एकटीच हसत बसले तिथे.

मग कळलं की तो आत हरवूच शकत नाही, जागाच नाही जायला. वर गर्भाशयाचं तोंड असतं, त्याचं भोक इतकं बारीक की कप त्यातून जाणं अशक्य, म्हणजे योनी ही एक बंद पिशवी आहे असंच समजा. वय वर्षं चौतीस, एक नॉर्मल बाळंतपण झालेली बाई मी, आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिथून थेट पोटात रस्ता आहे.

आता कप घेतलाच कशाला तर ते आधीचं सांगते.

आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला 'स्वच्छ'ची ताई येते, पुण्यातल्यांना माहितीये, कचरावेचक बायकांची सहकारी संस्था. २०१९ मधली गोष्ट. मी सकाळी ऑफिसला निघालेले, ती पार्किंगमध्ये पोतं पसरून सुका कचरा वेगळा करत बसलेली आणि तिने एक काळी पिशवी सोडली. आमचीच होती. मी कडेलाच उभी, चावी शोधत. तिने आतले वापरलेले पॅड बघितले, पिशवीला गाठ मारून बाजूला ठेवली, हात पोत्याला पुसला आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पुडीवर लाल ठिपका तरी काढत जावा, उघडल्याबिगर कळत न्हाई आमाला." रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते. ती रागावलीच नाही. मी "हो हो, सॉरी" म्हणाले आणि गाडी काढून पळाले.

दिवसभर कॅश काउंटरवर नोटा मोजताना तेच डोक्यात. नंतर वाचलं तर समजलं की २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत लिहिलेलंच होतं, वापरलेले पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचे, आणि गुंडाळायला पाकीट कंपनीने द्यायचं. हे पण वाचलं की २०१३ मध्ये या बायकांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना वापरलेले पॅड परत पाठवून दिले होते, घ्या तुमचा माल, आता तुम्हीच विल्हेवाट लावा म्हणून. हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

आणि मग मी बँकेत असल्यामुळे जे करते तेच केलं, हिशोब. मला पाळीला अठरा ते वीस पॅड लागायचे. वर्षाचे सव्वादोनशे धरा. १९९९ पासून पाळी चालू, म्हणजे वीस वर्षं, सुरुवातीची कपड्याची दोन वर्षं वजा केली तरी चार हजार पॅड. ते चार हजारच्या चार हजार आज कुठेतरी आहेत! खालचा थर प्लास्टिकचा, आत ती जेल होणारी पावडर, ते कुजून माती होणारं प्रकरणच नाही. जे जाळले गेले असतील त्यांचा धूर झाला असेल, बाकीचे पडून. मी मेल्यावर माझी राख नदीत जाईल पण माझे पॅड उरुळीच्या कचरा डेपोच्या बाजूला कुठेतरी मला आठवत बसलेले असतील.

तर मोठ्या आवेशात कप मागवला. आला. गुलाबी. पिशवीतून काढला, बघितला, "एवढा?!" म्हणाले आणि कपाटात साड्यांच्या खाली सारला. सात महिने तो तिथेच. आवेश वगैरे सगळं त्या साड्यांखाली.

बाहेर काढला तो लॉकडाऊनमुळे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खालच्या मेडिकलमध्ये पॅड संपलेले, पुढच्या मेडिकलमध्ये पण, किराणावाला म्हणे गाडीच आली नाही. आठवत असेल बघा, जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत पॅड आहेत की नाहीत यावरच गोंधळ होता आणि गृह मंत्रालयाला नंतर खुलासा करावा लागला की हो, आहेत. देशातल्या कोट्यवधी बायकांना दर महिन्याला लागणारी वस्तू, आणि खुलासा! असो. घरात चार पॅड उरलेले, पाळी दारात, आणि बँक चालू असल्यामुळे मला तर कामावर जायचं होतं. झक मारत साड्यांखालून गुलाबी पाहुणा बाहेर आला.

पहिले तीन महिने वाईट गेले हे सांगायलाच हवं. इंटरनेटवरच्या बायका सांगतात की पहिल्या दिवसापासून आयुष्य बदललं. माझं पहिल्या दिवसापासून बेडशीट बदललं. घडी घालायची ती इंग्रजी सी सारखी, ती सगळ्यात आधी शिकवतात, पण माझा कप आत गेल्यावर उघडायचाच नाही, अर्धा मिटलेला राहायचा आणि बाजूने गळायचं. मग दुसरी घडी सापडली, वरची कड एका बोटाने आत दाबायची म्हणजे टोक निमुळतं होतं, उमलायच्या आधीच्या कळीसारखं. ती जमली. घातल्यावर बुडख्याभोवती बोट फिरवून बघायचं, सगळीकडून गोल लागला म्हणजे उघडला, कुठे खड्डा लागला तर कप जरा फिरवायचा. हे वाचायला भयंकर वाटतं पण कानातलं घालण्याइतकंच आहे नंतर नंतर. आठव्या महिन्यात मी हे करताना संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करत होते.

साइजचं पण एक गंमतशीर आहे. खोक्यावर लिहिलेलं असतं की तिशीच्या आत आणि बाळंतपण न झालेलं तर छोटा, नाहीतर मोठा. मी मोठा घेतला. पण माझं गर्भाशयाचं तोंड बरंच खाली आहे (पाळीच्या दिवसात बोट घालून बघायचं, पहिल्या पेरापर्यंतच लागलं तर खाली), त्यामुळे लांबुडका कप बाहेर टोचायचा, बसलं की चावायचा. शेपटी कापली, आधी अर्धी मग सगळीच. तरी नाही. शेवटी बुटका आणि पसरट कप घेतला, तो बसला. म्हणजे चारशे गेले वाया. नाही, वाया नाही, तो आता मनीप्लांटच्या कुंडीत पाणी घालायला वापरते. नवऱ्याला माहीत नाहीये, त्याला वाटतं तो कुंडीबरोबरच आला.

घरात मी, नवरा, लेक आणि अहो आई, म्हणजे सासूबाई. कप पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटं उकळायचा असतो. कुठे? गॅसवर. कशात? पातेल्यात. कोणाच्या स्वयंपाकघरात? इथेच खरी गोष्ट अडली. माझ्या माहेरी कराडला पाळीत स्वयंपाकघरात यायचं नाही हे आई दोन-तीन वर्षांतच विसरली, पण अहो आईंच्या देवघराचे नियम कडक. मी एक छोटं स्टीलचं पातेलं वेगळं आणलं, त्याच्या कडेला लाल नेलपॉलिशने खूण केली (ठिपक्याचा धडा असा उपयोगी पडला) आणि रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर चोरून उकळायला लागले. चौथ्या महिन्यात पकडले गेले. अहो आई पाणी प्यायला उठल्या, पातेल्यात वाकून बघितलं आणि "अगं बाई, हे काय बाळाच्या बाटलीचं बूच का?" म्हणाल्या. नातवंड येऊन दहा वर्षं झालेली! मी खरं सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ते पातेलं ओट्यावर नको ठेवत जाऊस, बाल्कनीत इंडक्शन घेऊन बस." मला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माळ्यावरून जुना इंडक्शन काढून पुसून ठेवलेला. आता काय म्हणायचं याला? मी त्यावर भांडले नाही. बाल्कनीत गार वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहायला मिळतं तेवढंच.

ऑफिसचं विचारतात सगळ्या. बारा तासांपर्यंत ठेवता येतो, त्यापेक्षा जास्त नाही, त्यामुळे बऱ्याच जणींना ऑफिसात काढायची वेळच येत नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी यायची. छोटी पाण्याची बाटली घेऊन आत जायचं, कमोडवरच रिकामा करायचा, बाटलीतल्या पाण्याने धुवायचा, परत घालायचा. त्याआधी हात साबणाने धुवायचे, ते महत्त्वाचं. पण आमच्या ब्रँचचा नळ दुपारी तीननंतर फुसफुसतो, तेव्हा बाटली सकाळीच भरून ठेवायची. हे मी मुद्दाम लिहितेय कारण कपाला पाणी आणि आतून कडी लागणारं दार लागतं. ज्या बाईला या दोन्ही गोष्टी नाहीत तिला कप वाटून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो. उसाच्या फडात पाल ठोकून राहणारी बाई तो उकळणार कुठे आणि धुणार कशाने?

दुसरीकडे "हे इंग्रजी बोलणाऱ्या शहरातल्या मुलींचं फॅड" असं म्हणतात ते पण खरं नाही. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये पाच हजार कप फुकट वाटले, पण नुसते वाटले नाहीत, कसे वापरायचे ते आधी शिकवलं. एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबलंगी नावाचं गाव जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. आणि फॅडच म्हणाल तर अमेरिकेत लिओना चाल्मर्स नावाच्या बाईने कपाचं पेटंट १९३७ मध्ये घेतलंय, तेव्हा तो रबराचा होता. आमच्या आजीच्या जन्माच्या वेळचं फॅड! तरी आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं तर ६४ टक्के नॅपकिन, ५० टक्के कपडा (काही जणी दोन्ही वापरतात) आणि कप ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन.

त्या बाकीच्या ९९७ जणींच्या आयांची भीती मला माहितीये. ती म्हणजे "लग्नाआधी नको." माझ्या मावसबहिणीने मुलीसाठी विचारलं आणि पुढे वाक्य पूर्ण केलं नाही, डोळ्यांनीच केलं. योनीच्या तोंडाशी असतो तो पडदा हा काही बाटलीवरचं सील नसतो गं, तो जन्मतःच कमीजास्त असतो, सायकलने खेळाने ताणला जातो, आणि त्यावरून कोणाचं काहीच सिद्ध होत नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणं' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासातून काढायचं ठरवलं, शास्त्रीय आधार नाही म्हणून. डॉक्टरांच्या पुस्तकातून गेलं, आपल्या डोक्यातून जायला जरा वेळ लागेल. तांबी बसवलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना तांबी सरकल्याच्या घटना नोंदवलेल्या आहेत, हे हसण्यावारी न्यायचं नाही.

पण मला खरं लिहायचं होतं ते हे नाहीच. कचरा कमी झाला, पैसे वाचले, रात्री कुशीवर झोपता येतं, मांड्या सोलवटत नाहीत, सगळं खरं. माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच निघाली.

माझ्या दुसऱ्या कपावर आतून बारीक रेघा आहेत. मिलीच्या. सुरुवातीला लक्षच गेलं नाही. एकदा रिकामा करताना सहज बघितलं तर काठोकाठ, २८ मिली, आणि घालून तीनच तास झालेले. मला वाटलं असंच असतं. मी शाळेपासून "माझं खूप जातं" म्हणतेय. पण प्रत्येकच बाई म्हणते की! माझी आई म्हणायची, मावशी म्हणायची, ऑफिसातल्या सगळ्या म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं की "किती पॅड लागतात?" आणि आपण सांगायचं "पाच-सहा", पण एक जण पॅड गच्च भरल्याशिवाय बदलत नाही आणि दुसरी ठिपका पडला तरी बदलते, तर त्या पाच-सहाचा अर्थ काय? आयुष्यभर नोटा मोजल्या, एक रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत ब्रँचमध्ये बसले, आणि स्वतःचं रक्त वीस वर्षं अंदाजपंचे.

मग मी लिहायला लागले. किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर, तारीख, वेळ, मिली. जुलै २०२१ चं पान अजून आहे. पहिला दिवस ३५, दुसरा ६२, तिसरा ३०, चौथा १२, पाचवा ५. बेरीज १४४. ऑगस्टची १३८. सप्टेंबरची १५१. सगळीकडे लिहिलेलं असतं की साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर जास्त. माझं १४४! मी आकडा दोनदा गोल केला.

ती वही घेऊन बाईंकडे गेले, आमच्या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. आधीच्या एका डॉक्टरांनी माझं ऐकून घ्यायच्या आधीच "वयोमानाने होतं" म्हणून बोळवण केली होती. या बाईंनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "असं लिहून आणणारी तू पहिलीच." मग समजावलं की कपात जे जमतं ते सगळं रक्त नसतं, त्यात अस्तराचे तुकडे, चिकट स्राव असं बरंच असतं, निम्म्याच्या आसपास रक्त धरायचं, म्हणजे १४४ ला थेट ८० शी तोलायचं नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण लगेच म्हणाल्या, "पण तीन तासांत कप भरतो हे मला आवडलेलं नाही. जिने चढताना काय होतं?" जिने चढताना धाप लागायची. केस गळायचे. बर्फ खावासा वाटायचा, फ्रीजरमधून काढून कडाकडा. हे सगळं मी कामाच्या ताणावर ढकललेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४, फेरिटीन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) ७, दोन्ही कमी. सोनोग्राफीत एक लिंबाएवढी गाठ, फायब्रॉइड, आतल्या अस्तराला दाबणारी.

आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया आहे, त्याच पाहणीतला आकडा. त्याला खाणं कारण असेल, जंत असतील, बाळंतपणं असतील, पण त्यातल्या किती जणींचं महिन्याच्या महिन्याला असं निघून जात असेल आणि त्या म्हणत असतील माझं खूप जातं आणि समोरचा म्हणत असेल सगळ्यांचंच जातं, कोण जाणे. मला गोळ्या दिल्या, पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत घ्यायच्या, रक्त कमी जावं म्हणून, आणि लोह सहा महिने. गाठ बाईंनी काढली नाही, लक्ष ठेवून आहेत. डिसेंबरची बेरीज ८६. वहीत त्याच्यापुढे मी चांदणी काढलीये, लेकीच्या गृहपाठाला बाई काढतात तशी.

आणि मग मला आईची पिशवी आठवायला लागली.

१९९८. मी बारा वर्षांची, आई एकोणचाळीस. तिचं पण "खूप जायचं". गावातल्या एका डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं, दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काम काय, काढून टाकू, कटकट मिटेल, उद्या कॅन्सरबिन्सर व्हायला नको. पप्पांनी सोसायटीतून कर्ज काढलं. पिशवी काढली, बरोबर बीजकोश पण काढले, ते आम्हाला खूप नंतर फाइल वाचून कळलं. चाळिशीच्या आत तिला गरम वाफा सुरू झाल्या, पन्नाशीत मनगट मोडलं ते घसरून नुसतं बसल्यावर. माझी पाळी आली तेव्हा तिची जाऊन वर्ष झालेलं, घरात तिच्या कपड्याच्या घड्या तशाच ट्रंकेत होत्या, त्याच मी वापरल्या.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा सगळे हळहळले, "बिचाऱ्या, अडाणी, मुकादमाच्या धाकाने". आई टीव्ही बघत होती, म्हणाली, "मी तर अकरावी मॅट्रिक." एवढंच म्हणाली आणि चॅनल बदललं.

यंदा मे महिन्यात आई पुण्यात आली होती. पाळीचा माझा दुसरा दिवस, बाल्कनीत इंडक्शनपाशी उभी होते, दुसरा कप उकळत होता (आता दोन ठेवते), तर ती मागून आली. तिला माहीत होतं, पण बघितला नव्हता कधी. थंड केला, हातात दिला. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई ती, वस्तू हातात आली की आधी कड चाचपते. कड चाचपली, उलटा केला, दाबून बघितला. मग चष्मा लावला आणि उजेडाकडे धरून रेघा वाचायला लागली.

"म्हणजे हा भरला की किती?"

"अठ्ठावीस मिली. दोन चमचे समज, पोह्याचे. जरा कमीच."

"आणि दिवसात किती वेळा भरायचा तुझा?"

"जास्तीत जास्त दोनदा. आता तेवढा पण नाही."

ती गप्प. मला वाटलं कंटाळली. खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत चाललेली.

"बादली लाल व्हायची गं माझी," ती म्हणाली. "घड्या भिजत घातल्या की अख्खी बादली. डॉक्टरांना पण तेच सांगितलं, बादली भरून जातं म्हणून."

मी काय बोलणार? बादलीत पाणी असतं आई, दोन चमचे टाकले तरी सगळी लाल दिसते, हे तिलाही त्या क्षणी कळलेलं होतं, ती रंगारी आहे स्वतः, कापडं रंगवलीत तिने, चिमूटभर रंगात बादली कशी होते ते तिच्याइतकं कोणाला माहीत. तिने कप परत उजेडाकडे धरला, अंगठ्याचं नख वरच्या रेघेवर ठेवलं.

"एवढंसंच?" म्हणाली.